गुडघा, जवस आणि पंचवीस नंबर

फ्लॅक्ससीड म्हणजे जवस, हे मला एका ग्रँड ज्युरीमुळे कळलं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळामुळे. डिसेंबर २००४ मधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या वर्तमानपत्राने जायंट्स संघाचा बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्स याची गुप्त साक्ष फोडली होती. वर्षभरापूर्वी बंद दाराआड त्याने सांगितलं होतं, की ट्रेनरने दिलेलं एक द्रव आणि एक मलम आपण वापरलं, पण आपल्या समजुतीप्रमाणे ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीवरचं मलम होतं. सरकारी वकिलांच्या मते ती बर्लिंगेमच्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेतून आलेली स्टेरॉइड होती. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मी शब्दकोश उघडला आणि समोर चक्क आमच्या घरातली चटणी आली.

त्या रविवारी कॉलिंग कार्डावरची मिनिटं मोजत बाबांना ही बातमी सांगितली. बाबा अमरावतीचे, तरुणपणी तालमीत गेलेले, पुढे कबड्डीत उजवा गुडघा देऊन बसलेले. बेसबॉलचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नव्हता, पण बॉन्ड्स त्यांना माझ्या फोनवरून ओळखीचा झाला होता.

"जवसाच्या तेलानं?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हसू. "अरे, जवसाच्या तेलानं माणूस असा फुगत असता तर आपल्या गल्लीतून वर्षाला दोन हिंदकेसरी निघाले असते. तुझ्या आजीनं जन्मभर तेच खाऊ घातलं मला."

"पण बाबा, तो म्हणतो त्याला माहीतच नव्हतं."

"पैलवानाला आपला खुराक माहीत नसतो?" एवढं बोलून त्यांनी पावसाचं विचारलं. मी राहत होतो त्या फ्रीमाँटच्या पावसाचं.

बाबांचा निकाल दोन मिनिटांत लागला. माझा लागेना. कारण मी त्या माणसाला खेळताना पाहिलं होतं.

मी कॅलिफोर्नियात आलो तेव्हा बेसबॉल मला खो-खोइतकाही कळत नव्हता. २००१ साली बॉन्ड्सने एका मोसमात ७३ होमरन (बेसबॉलमधले षटकारच) मारले, तेव्हा मी नोकरी टिकवण्याच्या खटपटीत होतो. रेडिओवर सामन्यांचं स्टेशन, 'केएनबीआर ६८०', लागलेलं असायचं, ते केवळ गाडी घेताना आधीच्या मालकाने लावून ठेवलेलं म्हणून. सनीवेलच्या ऑफिसातला एक ज्येष्ठ सहकारी मला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेला. साठीच्या घरातला माणूस, पेन्सिलने धावफलक भरणारा. (क्रिकेटच्या स्कोअरबुकाची सवय असलेल्याला ती पेन्सिल बघून जे वाटतं ते मला वाटलं. अमेरिका तेवढीही परकी नाही.) २००४ चा उन्हाळा होता. मी होमरन बघायला गेलो होतो आणि मला दिसलं ते असं, की बॉन्ड्स खेळायला आला आणि पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चेंडू त्याच्यापासून हातभर लांब टाकले. एक, दोन, तीन, चार. बॉन्ड्सने बॅट ठेवली, कोपरावरचं चिलखत काढून दिलं आणि चालत पहिल्या बेसवर, धावेच्या वाटेतल्या पहिल्या थांब्यावर, जाऊन उभा राहिला. प्रेक्षकांतून शिट्या, आणि कठड्यावर ओळीने लटकवलेल्या रबरी कोंबड्या. समोरचा पिचर भित्रा आहे, हे सांगायची तिथली रीत.

याला इंटेन्शनल वॉक म्हणतात. २०१६ पर्यंत त्याची रीत अशी होती, की चार चेंडू मुद्दाम बाहेर टाकायचे आणि बॅटरला फुकट एक बेस देऊन टाकायचा, पण बॅट फिरवू द्यायची नाही. क्रिकेटमध्ये याला जोड नाही. सचिनला धाव मोजून देऊन नॉनस्ट्रायकरला पाठवायची सोय असती, तर शारजात किती कर्णधारांनी ती वापरली असती, याचा विचार मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर बराच केला. २००४ च्या मोसमात बॉन्ड्स ६१७ वेळा खेळायला आला. त्यातून २३२ वेळा त्याला वॉक मिळाला आणि त्यातले १२० उघडउघड ठरवून दिलेले. बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण .६०९ होतं, म्हणजे दहातून सहा वेळा तो आउट होतच नव्हता. वय चाळीस. याच्या जोरावर लागोपाठ चौथ्यांदा आणि एकूण सातव्यांदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोवर त्याचे ७०३ होमरन झाले होते. पुढे बेब रूथचे ७१४, आणि त्याच्यापुढे हँक एरनचे ७५५.

आकडे मी मुद्दाम दिले, कारण त्यांच्याशिवाय पुढचा वसंत कळणार नाही. या माणसाची भीती त्याच्या फटक्यांहून मोठी होती. तो बॅट न फिरवता सामने फिरवत होता. मागून येणाऱ्याला बेसवर आयता एक माणूस आणि घामाघूम पिचर मिळायचा. अख्खा संघ त्या भीतीवर गुजराण करत होता.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने २००४ मध्ये ९१ सामने जिंकले आणि लॉस एंजेलिस डॉजर्सपेक्षा दोन कमी पडले. शेवटून दुसऱ्या दिवशी डॉजर्सच्या स्टीव्ह फिन्लेने ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा, मारून आमच्या विभागाच्या, म्हणजे गटाच्या, विजेतेपदाचं दार बंद केलं. त्याआधी २००२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात पाच धावांची आघाडी घालवलेली होतीच. तेव्हा त्या हिवाळ्यात खेळाडूंची खरेदी बघणारे जनरल मॅनेजर ब्रायन सेबियन यांनी सरळ हिशेब मांडला: बॉन्ड्सची दोन-तीन वर्षं उरली आहेत, जे काय करायचं ते आत्ता. आणि त्यांनी बाजारातून अनुभव आणला. अनुभव हा सभ्य शब्द झाला. सदतीस वर्षांचा ओमर व्हिस्केल शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे. अडतीस वर्षांचा मोइझेस आलू आउटफिल्डला, म्हणजे लांब कुंपणाकडे, जो सामन्यात संघ चालवणारे मॅनेजर फेलिपे आलू यांचा सख्खा मुलगा. चौतीस वर्षांचा माइक मथीनी कॅचर. संघातले जे. टी. स्नो आणि मार्क्विस ग्रिसम आधीच सदतिशीत होते. सामन्याचा शेवटचा डाव टाकायला महागडा आर्मांडो बेनिटेझ. माझा पेन्सिलवाला सहकारी यादी वाचून म्हणाला, डगआउटमध्ये बाकाऐवजी आरामखुर्च्या टाका.

आरामखुर्ची होतीच. कपडे बदलायच्या खोलीत बॉन्ड्सने आपल्या कोपऱ्यात एक ऐसपैस आरामखुर्ची मांडलेली, सगळ्या बेसबॉलला ठाऊक असलेली. बाकीचे स्टुलावर आणि हा खुर्चीत. वार्ताहरांना उत्तर द्यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. गर्विष्ठ, तुसडा, एकलकोंडा, ही विशेषणं त्याच्या नावामागे स्टेरॉइडच्या कितीतरी आधीपासून चिकटलेली होती. त्याचे वडील बॉबी बॉन्ड्स याच संघातून खेळलेले, धर्मपिता याच संघाचा महान खेळाडू विली मेझ. दरबारात वाढलेला मुलगा. पण सॅन फ्रान्सिस्कोबाहेर प्रत्येक मैदानावर त्याच्या नावाने जो गलका व्हायचा, त्यात नुसतं औषध नव्हतं. रूथचा विक्रम गाठताना एरनला काळा म्हणून धमक्यांची पत्रं आली होती, त्या देशात हे घडत होतं. बाहेरून आलेल्या मला ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे नीट दिसत नव्हतं. आतल्यांना दिसत असेल असंही वाटत नव्हतं.

आणि मग गुडघा. ऑक्टोबरात डाव्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. जानेवारीच्या शेवटी उजव्याची झाली. फेब्रुवारीत संघ अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला सरावाला गेला, बॉन्ड्सही आला, आणि गुडघा सुजला. १७ मार्चला पुन्हा उजव्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या समितीसमोर मार्क मॅग्वायर, सॅमी सोसा, राफाएल पाल्मेरो हे सगळे नावाजलेले बेसबॉलपटू स्टेरॉइडवरच्या सुनावणीला बसले होते. मॅग्वायर पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. ज्याच्याभोवती सगळं फिरत होतं त्याला बोलावणंच नव्हतं. तो भुलीखाली होता.

पाच दिवसांनी बॉन्ड्स कुबड्या घेऊन स्कॉट्सडेलला आला. आपल्या मुलाला शेजारी बसवून वार्ताहरांशी बोलला. दमलोय, म्हणाला. पुनःपुन्हा तेच: दमलोय. तुम्हाला मी पुलावरून उडी मारलेली हवी होती, ती मी मारली. माझ्या कुटुंबाला तुम्ही खाली ओढलंत. आता दुसरा कुणी शोधा. कदाचित अर्धा मोसम खेळणार नाही, कदाचित अख्खा. मी ते संध्याकाळी टीव्हीवर पाहिलं, फोडणीचा भात खात. खोटं वाटलं. मग लगेच खरं वाटलं. मुलगा सगळा वेळ बापाच्या शेजारी बसून होता आणि माझी नजर राहून राहून त्याच्याकडेच जात होती.

मार्चचा शेवटचा आठवडा हा बेसबॉलवाल्यांचा पंचांग वाचायचा आठवडा. अजून एकही खरा सामना झालेला नसतो, त्यामुळे प्रत्येक संघ कागदावर बरा असतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज पंचांग निघायचं. डाव्या आउटफिल्डला कोण? पेद्रो फेलीझ, पण तो मुळात तिसऱ्या बेसचा. बॉन्ड्सची चौथ्या क्रमांकाची जागा? मोइझेस आलू घेईल, पण त्याच्या पायाचं काय? जेसन श्मिट मागच्या वर्षी १८ सामने जिंकला होता, त्याचा खांदा टिकला तर निदान पाचातला एक दिवस आपला. चोवीस वर्षांचा नोआ लाउरी डावखुरा, त्याचा चेंडू हवेत विरघळतो, त्याच्यावर आशा. बेनिटेझ? सहकारी नुसती पेन्सिल आपटायचा. आणि सगळ्यांच्या शेवटी एक वाक्य, कुणीतरी म्हणायचंच: आपला विभागच इतका दुबळा आहे, की काहीही होऊ शकतं.

नाट्यगृहाबाहेर फळा लागलेला असतो बघा, आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी तमुक. प्रेक्षक कुरकुरतात, काही जण तिकीट परत करतात, आणि उरलेले आत जाऊन जरा जास्तच मन लावून बघतात, कारण आता कुणाच्या एंट्रीला टाळी वाजवायची हे ठरलेलं नसतं. आमचं तसं झालं. मी मोकळेपणी कबूल करतो, त्या मार्चमध्ये मला वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं होतं. डिसेंबरपासून प्रत्येक गप्पा एकाच वळणावर जाऊन थांबत होत्या. तुला काय वाटतं, त्याने घेतलं? माहीत होतं त्याला? मग तू टाळ्या वाजवणार? मी गुळमुळीत काहीतरी बोलायचो. आता तो प्रश्न फाइलबंद झाला. माणूस जागेवर नव्हताच, तर मत कशाला द्यायचं? त्याचा गुडघा सुजला आणि माझ्या सदसद्विवेकबुद्धीला आजारपणाची रजा मिळाली. फक्त मलाच नाही. पेन्सिलवाल्यापासून रेडिओवर फोन करणाऱ्यांपर्यंत सगळे अचानक व्हिस्केलच्या हातांबद्दल बोलायला लागले, किती प्रेमाने! तेच लोक महिन्याभरापूर्वी एकमेकांना खोटारडे म्हणत होते.

बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांचं लक्ष भलतीकडेच. "चाळिशीत तीनदा गुडघा उघडला म्हणतोस? अन् तरी परत खेळणार म्हणतो?" त्यांचा स्वतःचा गुडघा वीस वर्षं डॉक्टरला दाखवायचा राहिला होता. शेकायचे, पट्टा बांधायचे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "फार दुखते रे ते. जिना उतरताना जास्त." जवसाबद्दल त्या दिवशी अक्षर नाही.

त्या वर्षी पाडवा आणि मोसमाचा पहिला सामना एकाच आठवड्यात आले. ५ एप्रिलला डॉजर्सविरुद्ध सुरुवात, शनिवारी घरी श्रीखंड. मी त्याच महिन्यात मैदानावर गेलो. एसबीसी पार्क म्हणायचे तेव्हा; २००० साली उघडल्यापासून फोन कंपन्या विकल्या गेल्या की त्याचं नाव बदलायचं. उजवीकडची भिंत २४ फूट उंच, विली मेझच्या नंबरावरून, आणि तिच्यापलीकडे लगेच खाडी. बॉन्ड्सचे होमरन त्या पाण्यात पडायचे आणि ते झेलायला छोट्या होड्या घेऊन लोक तासन् तास तरंगत असायचे. मी वरच्या मजल्यावरून बघितलं, तर पाण्यात मोजून दोन होड्या. त्यातल्या एकात माणूस पेपर वाचत होता. रबरी कोंबड्या नव्हत्या. कुणाला कुणाची भीतीच नव्हती, तर लटकवणार काय? खेळ मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा खेळासारखा दिसला. व्हिस्केलने डावीकडे झेपावत उघड्या हाताने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि शेजारच्या अनोळखी बाईने माझा दंड पकडून "पाहिलंस?" असं विचारलं. बॉन्ड्सच्या काळात दोन बॅटरांच्या मधली वेळ हॉटडॉग आणायची असायची.

मोसमाचं काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. एप्रिल संपायच्या आत बेनिटेझचा मांडीचा स्नायू फाटला. मे महिन्यात बॉन्ड्सच्या उजव्या गुडघ्यात संसर्ग निघाला आणि त्याला तिसऱ्यांदा चिरा. सत्तरीत पोचलेले फेलिपे आलू रोज नवी फळी लिहीत राहिले. १९६३ मध्ये याच संघाच्या आउटफिल्डमध्ये ते आणि त्यांचे दोन सख्खे भाऊ एकाच वेळी उभे राहिले होते. आता मुलगा त्यांच्या हाताखाली होता आणि त्याची बॅट चांगली चालत होती, सरासरी .३२१. संघात सगळ्यांत जास्त होमरन फेलीझचे, वीस. आदल्या वर्षी एकट्या बॉन्ड्सचे पंचेचाळीस होते. जागोजाग भेगा पडल्या होत्या, पण विभाग दुबळा आहे हे भाकीत मात्र इतकं खरं ठरलं, की सप्टेंबरातही आम्ही गणितात जिवंत होतो. अखेरीस पहिल्या आलेल्या सॅन दिएगोचे विजयही फक्त ८२ झाले.

त्याच मे महिन्यात लंडनमध्ये सचिनच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. अमरावतीतून फोनवर जे ऐकू आलं ते सुतकच होतं. मला दोन्हीकडून बातम्या येत होत्या, इकडे गुडघा आणि तिकडे कोपर, आणि एक फरक सारखा टोचायचा. सचिनच्या रिकाम्या जागेकडे बघताना आम्हाला नुसतं वाईट वाटत होतं, निखळ. बॉन्ड्सच्या रिकाम्या जागेकडे बघताना इकडच्यांना काय वाटतंय हे त्यांचं त्यांना सांगता येत नव्हतं. कोणतं दुःख सोपं, मला ठरवता आलं नाही. सचिन ऑक्टोबरात नागपूरला परतला आणि श्रीलंकेविरुद्ध ९३ केल्या. बाबा ते बघायला अमरावतीहून निघाले होते, तिकीट मिळालं नाही, चुलत्यांच्या घरी टीव्हीवर बघून आले.

बॉन्ड्स त्याच्या दीड महिना आधी आला. १२ सप्टेंबर, सोमवार, समोर सॅन दिएगोच. पेन्सिलवाल्याने दोन तिकिटं आधीच घेतली होती. स्टेशनावरून चालत जातानाच खाडी दिसली आणि मी थांबलो. होड्याच होड्या. एप्रिलातला पेपरवाला कोणता, शोधायलाही वाव नाही.

दुसऱ्या इनिंगमध्ये पंचवीस नंबर बाहेर आला. मी वर्षभर स्वतःला सांगत होतो, की तो येईल तेव्हा बसून राहायचं, निदान विचार करायचा. विचार करायला अवसर मिळाला नाही. चाळीस हजार माणसं उठली आणि त्यांच्यात मी होतो. हातात सांडलेली कॉफी होती, म्हणजे उठण्याआधी ती खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं. शेजारी पेन्सिलवालाही उभा, पण टाळ्या वाजवत नव्हता. वही छातीशी धरून नुसता बघत होता. पिचर अॅडम ईटनने त्याला वॉक दिला नाही. तो सामना त्या दोघांत बराच लांबला, फाउल, फाउल, पुन्हा फाउल, आणि मग चेंडू डावीकडे मधोमध कुंपणाच्या माथ्यावर गेला. एका प्रेक्षकाने हात घातला. पंचांनी घोळका करून विचार केला आणि होमरन न देता दोन बेस दिले. बॉन्ड्स दुसऱ्या बेसपर्यंत कसाबसा पोचला. धावत नव्हता तो. बाबा जिना उतरतात तसा चालला होता, एक पाय आधी ठेवून.

त्या मोसमात तो जेमतेम १४ सामने खेळला, त्यात पाच होमरन. रजा संपली होती आणि प्रश्न पुन्हा कामावर रुजू झाला. पुढे तो एरनच्या पुढे गेला, ७ ऑगस्ट २००७ ला, आणि ७६२ वर थांबला. त्यानंतर कुठल्याच संघाने त्याला घेतलं नाही. खटला झाला, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, २०१५ मध्ये अपिलात तेही रद्द झालं. बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी दहा वर्षं विचार केला आणि २०२२ मध्ये शेवटच्या खेपेला ६६ टक्के मतं दिली, लागतात ७५. त्याच्याशिवायच्या संघाने मात्र २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

विक्रमाचा तो ७५६ वा चेंडू मार्क एको नावाच्या एका कपडेवाल्याने साडेसात लाख डॉलर देऊन विकत घेतला आणि त्याचं काय करायचं हे लोकांना इंटरनेटवर विचारलं. तीन पर्याय होते. आहे तसा हॉल ऑफ फेमच्या कूपर्सटाउनमधल्या संग्रहालयाला द्यायचा, त्याच्यावर शंकेची चांदणी (*) डागून द्यायचा, किंवा रॉकेटमध्ये घालून अंतराळात सोडायचा. जवळजवळ निम्म्या लोकांनी चांदणी मागितली आणि ती खरंच कोरली गेली. मी ऑफिसात, दुपारच्या जेवणानंतर, बराच वेळ ते पान उघडून बसलो होतो. मग रॉकेटवर टिचकी मारली.

रविवारी बाबांना सांगितलं. तोवर त्यांनी गुडघा बदलून घेतला होता, जिन्याची तक्रार गेली होती.

"बरं केलंस," ते म्हणाले. "सोबत जवसाच्या तेलाची बाटली दे म्हणा."